छातीचा फोटो आणि हजेरीचा पुरावा

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात काय, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात काय, गोठ्यावर नाहीतर पडवीवर सिमेंटचे पत्रे दिसतातच. त्या सिमेंटला धरून ठेवणारा तंतू बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा. अखंड पत्रा सहसा त्रास देत नाही. तो कापताना, त्याला भोक पाडताना किंवा जुना फोडून टाकताना जी धूळ उडते ती छातीत जाऊन बसते आणि वीस-तीस-चाळीस वर्षं गप्प राहते.

भरपाईची सगळी गुंतागुंत या गप्प राहण्यात आहे. आजार डोकं वर काढतो तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो आणि मुंबईत उमेदीची वर्षं घालवलेला कामगार गावी परतलेला असतो. गावाकडे धाप लागली की दमा, खोकला हटेना की टीबी. ‘आधी कुठं कामाला होता?’ हे ओपीडीच्या गर्दीत विचारायला सवड कुणाला आहे?

घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा अ‍ॅस्बेस्टॉस वापरून ब्रेक लायनिंग बनवणारा कारखाना होता. ही कंपनी ब्रिटनमधल्या टर्नर अँड न्यूअलची उपकंपनी. पुढे तिचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. या धुळीचे परिणाम त्या ब्रिटिश घराण्याला फार आधीपासून ठाऊक होते. टर्नरच्या रॉचडेल इथल्या गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ १९२४ मध्ये वारली. तिच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले. कंपनीने मात्र अंत्यविधीचा खर्चही दिला नाही. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी १८१ कामगार तपासले. २००५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात २३ टक्के जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, आढळला.

अशा आजारी कामगारांना भरपाई देणाऱ्या वेगळ्या निधीची वाट अमेरिकेत पडली. दाव्यांचा पूर येणार हे दिसताच जॉन्स-मॅनव्हिल या बड्या कंपनीने २६ ऑगस्ट १९८२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून १९८८ मध्ये एक ट्रस्ट उभा राहिला. दावेदारांनी कंपनीकडे जायचं नाही, ट्रस्टकडे जायचं. कंपनी मोकळी झाली. ट्रस्टची तिजोरी मात्र लवकरच आटली: १९९५ पासून ठरलेल्या रकमेच्या दहा टक्केच हातात पडू लागले, २००१ मध्ये पाच. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण काहीच न मिळण्यापेक्षा ते बरं, हेही खरं. टर्नर अँड न्यूअल १९९८ मध्ये फेडरल-मोगलने विकत घेतली आणि २००१ मध्ये त्यांनीही दिवाळखोरीची हीच वाट धरली. त्यातून जे निधी झाले, त्यांच्याकडे घाटकोपरच्या माजी कामगारांचेही दावे गेले.

अशा दाव्याला दोन गोष्टी लागतात. एक वैद्यकीय: छातीचा फोटो, सीटी स्कॅन, फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी. ती पैसे मोडून का होईना, करता येते. दुसरी म्हणजे त्या कारखान्यात, त्या वर्षांत, त्या खात्यात काम केल्याचा पुरावा. नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफची पावती, ईएसआयचं कार्ड. हे कागद पत्र्याच्या पेटीत असतील तर ठीक. नाहीतर खोली सोडताना रद्दीत गेलेले. कंत्राटदाराच्या हाताखाली राबलेल्याचं तर नावच मस्टरवर नव्हतं. आणि गोरेगावात पत्रे बसवणाऱ्या मिस्त्रीला मालकच नाही. तो कुठल्या ट्रस्टच्या दारात जाणार?

आपल्याकडे असा वेगळा निधी नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कामगार राज्य विमा कायदा आणि १९२३ चा भरपाई कायदा यांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसिस होता, पण विम्याचा लाभ मेडिकल बोर्ड किती टक्के अपंगत्व लिहितं त्यावर ठरायचा. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला, त्यात आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये देण्याचा आदेश होता. मला त्यातलं दुसरंच कलम जास्त मोलाचं वाटतं. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर, कारखान्याने जपायची आहे. म्हणजे १९८८ साली कामाला लागलेल्याची नोंद २०२८ पर्यंत तरी असायला हवी. ती मागायला वकील लागत नाही. कारखान्याला रजिस्टर पोस्टाने अर्ज टाकावा आणि त्याची एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवावी. पोचपावती दाव्याच्या फायलीत पहिल्या पानावर लावावी. नोंद मिळाली नाही तरी ती मागितली होती हे तिच्यावरून दाखवता येतं.