स्मृतीचे अध्यापन आणि हिमरूचा माग

संगणकाची स्मृती म्हणजे माहितीची पेटी, ही माध्यमिक विद्यार्थ्यांची समजूत अपुरी होय. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्यांस परिचित असलेला हिमरूचा माग येथे साहाय्यभूत ठरतो. कारण वस्त्रातील प्रत्येक बिंदू एक उभा व एक आडवा धागा मिळून निश्चित होतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. तीत ४० अंकी २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० द्विमान अंक मावत. अशा स्मृतीत उभ्या व आडव्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला, की केवळ छेदावरील कडीचे चुंबकत्व पालटते. वाचताच नोंद पुसली जाते. म्हणून ती पुन्हा लिहावी लागते.

आजच्या 'डीरॅम' स्मृतीत कडीऐवजी विद्युत्भार असतो. तथापि ओळ-स्तंभाने स्थाननिश्चिती व वाचनोत्तर पुनर्लेखन कायम आहे. सबब 'काय साठविले?' यापूर्वी 'कोठे?' हे शिकविणे इष्ट.