वर्धेचा पूर आणि दोन्ही काठांची गावं

नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातलं मोवाड हे वर्धा नदीकाठचं जुनं, नगरपरिषद असलेलं गाव. पलीकडे अमरावती जिल्हा आणि मध्य प्रदेशाची हद्दही जवळच. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुरानं हे गाव उद्ध्वस्त केलं. २०४ माणसं गेली. वाचलेल्यांसाठी पुढे उंचावर नवं मोवाड वसवावं लागलं. विदर्भात आजही ‘मोवाडचा पूर’ एवढं म्हटलं की पुरतं.

वर्धेचा उगम सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईच्या परिसरात. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून मध्य भारतात शिरले, की या पाणलोटात एका रात्रीतही धो धो पाऊस कोसळतो. खालच्या गावात उघडीप असली तरी नदी चढत राहते. काठावरच्या माणसाला धोका कळतो तो वरून निरोप आला तरच.

मोवाडच्या खाली हीच नदी वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा होते. इंग्रजी अमलात अलीकडे मध्य प्रांत आणि पलीकडे वऱ्हाड होतं. आज पलीकडे अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे आहेत. आर्वी तालुक्यातल्या देऊरवाड्यासमोर रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर दिसतं. सोयरीक, बाजार, शेती दोन्ही काठांवर; कलेक्टर कचेऱ्या मात्र वेगळ्या.

आता नदीवर मोर्शीजवळ १३ दरवाज्यांचं अप्पर वर्धा आणि आर्वी तालुक्यात धनोडीला ३१ दरवाज्यांचं निम्न वर्धा धरण आहे. वरचं धरण अमरावती जिल्ह्यात, पाणी येतं वर्धा जिल्ह्यात. निम्न वर्ध्याचे दरवाजे उघडले की पुलगाव, देवळीकडच्या गावांनी सावध व्हायचं. शिवाय मुख्य नदी तुडुंब असली की नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही. ते मागे फुगतं आणि नदीपासून दूरच्या शिवारातही पसरतं. जुलै २०२२ मध्ये वर्धेला मिळणारी वणा नदी हिंगणघाटच्या सखल वस्त्यांत शिरली आणि कुटुंबांना घरं सोडावी लागली.

पाणी ओसरल्यावर नुकसान दिसू लागतं. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. पाण्याबाहेर आलेली कपाशी दोन-तीन दिवसांत माना टाकते. याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. नदीलगतचं शेत तर खरडूनच जातं: वरची कसदार माती वाहते, खाली मुरूम उघडा पडतो, विहीर गाळानं भरते. बुडालेल्या पिकाचा आणि खरडलेल्या जमिनीचा पंचनामा वेगळा होतो, मदतीचे दरही वेगळे. जुलैअखेर कपाशीच्या दुबार पेरणीची वेळ टळलेली असते. बी-बियाण्याचं कर्ज तेवढं उरतं. गेलेली माती मात्र अनुदानानं परत येत नाही.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा महाराष्ट्रात आखण्याची पद्धत आहे. वर्धेकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं या रेषा शाळेच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून घ्याव्यात. धरणाचे दरवाजे उघडण्याचा निरोप जिल्ह्याची हद्द न पाहता दोन्ही काठांच्या सरपंचांना, पोलीस पाटलांना एकाच वेळी थेट मिळावा. मोवाडच्या २०४ जणांची आठवण ठेवायची, तर एवढं तरी झालंच पाहिजे.