खेळ कुठं संपतो?

मंडळी, आपलं धर्माबाद सीमेवरचं गाव. बासरच्या वाटेला लागलं की राज्य बदलतं, पाट्या बदलतात. ये-जा रोजचीच, पण आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे कुणी विसरत नाही. आजचा विषयही सीमेचाच आहे, फक्त ही सीमा घराच्या आत आहे.

मागच्या वेळी एक चिठ्ठी आली होती: नवरा-बायको राजीखुशीनं बीडीएसएमचा खेळ खेळत असतील, तर तो रोजच्या संसारात शिरू नये म्हणून काय करावं? हसू नका, प्रश्न गंभीर आहे. बीडीएसएम म्हणजे दोन सज्ञान माणसांनी आधी ठरवून खेळलेला सत्तेचा खेळ. एकानं हुकूम द्यायचा, दुसऱ्यानं मानायचा. कधी बांधणं, कधी वेदना.

हे परदेशी खूळ म्हणून झटकता येत नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात प्रहणनावर, म्हणजे रतिक्रीडेतल्या प्रहारांवर, स्वतंत्र प्रकरण आहे. कुंतलचा सातवाहन राजा शातकर्णी, त्याच्या ‘कर्तरी’ प्रहारानं राणी मलयवतीचा जीव गेला, असं त्यात नोंदवलंय. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठची. वात्स्यायन सांगतो की आवेगात भान राहत नाही, म्हणून आपलं बळ आणि समोरच्याची सोसण्याची ताकद आधी ओळखा. थोडक्यात, सीमा खेळाआधीच आखायची.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात संमतीचा असा व्यवहार आजार मानलेला नाही; संमती नसलेल्याला यातना देण्याची ओढ मात्र विकारांत आहे. म्हणजे रेषा वेदनेवर ओढलेली नाही, संमतीवर ओढली आहे.

आता खेळ बिघडतो कसा? तेंडुलकरांचं १९६७ सालचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. वेळ घालवायला खोटा खटला सुरू होतो. बेणारेबाईंना न विचारताच आरोपी ठरवतात, आणि बघता बघता त्यांचं खरं आयुष्य पिंजऱ्यात उभं राहतं. शेवटी बाकीचे म्हणायला मोकळे, की हा तर खेळ होता! त्या खेळात दोन गोष्टी नव्हत्या: आधीचा होकार, आणि थांबवण्याचा अधिकार.

म्हणून थांबण्याचा एक शब्द ठरवा. ‘नको’ हा कधी खेळाचाच भाग असतो, तेव्हा वेगळा शब्द हवा. आपल्याकडे ‘मिरची’ चालेल, विसरणार कोण? बोलता येणार नसेल तर हाताची खूण ठरवा. खेळाला सुरुवात असते तसा शेवटही हवा: गाठी सोडा, पाणी द्या, एकमेकांना नावानं हाक मारा, जवळ बसा. दिवसाचा राग घेऊन खेळायला जाऊ नका, आणि खेळातला हुकूम सकाळच्या चहापर्यंत आणू नका. पैसा, मोबाईल, माहेरी जाणं, नोकरी, मुलं यांवर खेळातल्या मालकाचा हक्क चालत नाही.

पण खरी कसोटी याच्याही अलीकडे आहे. ज्या घरात बाईला ‘आज मी स्वयंपाक करणार नाही’ एवढंही म्हणता येत नाही, तिथं रात्रीच्या तिच्या होकाराला काय किंमत? नकार द्यायची सोय नसेल तर होकार हा होकारच नसतो. तत्त्वज्ञानात आम्ही स्वातंत्र्यावर जाडजूड ग्रंथ वाचले. त्यांचं सार एवढंच निघतं. सत्तेचा खेळ बरोबरीच्या माणसांतच शोभतो. बरोबरी नसेल तर तो खेळ नाही, तो रोजचाच जाच, फक्त नाव नवं.

कायदाही हेच बजावतो. गंभीर दुखापत करण्याच्या हेतूनं, किंवा ती होईल हे माहीत असताना केलेल्या कृत्याला समोरच्याच्या संमतीची ढाल मिळत नाही. आणि एकदा दिलेली संमती कायमची नसते, ती केव्हाही मागे घेता येते.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्याला माझं उत्तर असं: आधी दिवसाचं घर बघा. तिथं दोघांचंही ‘नाही’ ऐकलं जात असेल, तर रात्रीचा खेळ तुमचा तुम्ही सांभाळाल. ऐकलं जात नसेल, तर खेळ राहू द्या, आधी ते दुरुस्त करा.