हिवाळ्यातलं क्राकूव : निघण्याआधी

डिसेंबरात इथे पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून वावेल किल्ला आणि काझिमिएश ही जुनी ज्यू वस्ती दिवसाउजेडी उरकावी, संध्याकाळ मुख्य चौकातल्या नाताळबाजाराला द्यावी. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी याच चौकात, कवी मित्स्क्येविच यांच्या पुतळ्यापाशी, ‘शोप्का’ म्हणजे चमचमत्या चांदीकागदाचे येशूजन्माचे देखावे मांडतात. २०१८पासून ही कला युनेस्कोच्या यादीत आहे. जमलं तर सहल याच तारखेभोवती आखावी. बाजार काय, युरोपात सगळीकडेच असतात.

थंडी फारच बोचली तर व्येलिच्काची मिठाची खाण गाठावी. खाली बारमाही १७-१८ अंश. पायऱ्या मात्र सुमारे ८००, तेव्हा गुडघ्यांना विचारूनच. आउशवित्झला प्रवेश मोफत, पण वेळ आधी नोंदवावी लागते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा हवा. चलन मात्र युरो नव्हे, झ्लॉटी. विमान वॉर्सोपर्यंतच मिळालं तरी पुढे वेगवान रेल्वेने साधारण अडीच तास. २४ ते २६ डिसेंबर शक्यतो टाळा : तिन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी, बहुतेक दुकानं बंद.