पडद्यावरची श्यामची आई

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तुम्हांला ठाऊक आहे. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा बोलपट काढला. त्यात आईचे काम केले वनमालाबाईंनी.

बाईंचे खरे नाव सुशीला पवार. घर ग्वाल्हेरचे, मोठे. त्या बी. ए. झालेल्या. मुलीने सिनेमात जावे, हे घरी पसंत नव्हते. तरी त्या गेल्या. १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये त्या पृथ्वीराज कपूरांबरोबर होत्या. तिथे सारा राजेशाही थाट! आणि श्यामची आई? कोकणातली गरीब बाई. साधे लुगडे, घरात ओढगस्त. पण लोक रडले ते हिच्यासाठी. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच दिले गेले. ते या मराठी चित्रपटाला मिळाले.

एवढे नाव झाले, तरी पुढे बाईंनी सिनेमा सोडला. वृंदावनास जाऊन देवाधर्मात राहिल्या. २००७ साली त्या ग्वाल्हेरला वारल्या.

आमच्या वर्गाला बारामती एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका येतात. त्यांना मी ही हकिगत सांगितली. एकजण म्हणाली, “गुरुजी, चालतं काम सोडायचं म्हंजे घरात दाणे पायजेत.”

खरे आहे. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.