हिरव्या-लालाच्या वाटेवरचं औषध

शहापूर-मुरबाडकडे भाताची लावणी उरकली, की थोड्याच दिवसांत सगळी खाचरं हिरवीगार होतात. तो हिरवा रंग आणि चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या रक्ताचा लाल रंग, दोन्ही एकाच पदार्थापासून घडतात! त्याचं नाव प्रोटोपॉर्फिरिन-९. त्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसलं, की पुढे हरितद्रव्य होतं. लोह बसलं, की रक्तातलं हीम. आणि ती जागा रिकामीच राहिली तर? मग उजेड पडताच हा पदार्थ पेशीच्या जिवावर उठतो. त्वचारोगतज्ज्ञांनी याचाच उपचारासाठी वापर केला आहे.

वर्षानुवर्षं ऊन सोसलेल्या गोऱ्या कातडीवर, विशेषतः कपाळ, कान, टक्कल आणि हाताच्या पाठीवर, खरखरीत चट्टे उठतात. ते डोळ्यांआधी बोटांना कळतात. हात फिरवला, की पॉलिशपेपर लागावा तसे. त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन उन्हात राबणाऱ्यांना यापासून बरंच वाचवतं. जन्मतःच ज्यांच्या त्वचेत ते नसतं, त्यांना मात्र तरुणपणीच हे चट्टे उठू शकतात.

उपचारात चट्ट्यावर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावतात. आपल्या पेशी एरवीही ते बनवतातच. जादा मिळालं, की त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन होतं आणि बिघडलेल्या पेशींत ते अधिक साचतं. जांभळट-निळ्या दिव्याखाली तेवढेच चट्टे गुलाबी-लाल चमकतात! मग निळा किंवा लाल प्रकाश सोडला, की त्याची ऊर्जा प्रोटोपॉर्फिरिनमार्फत पेशीतल्या ऑक्सिजनला मिळते. हा चेतलेला ऑक्सिजन इतका अल्पायुषी, की एका पेशीची रुंदीही ओलांडत नाही. जिथे जन्मतो तिथेच घाव घालतो. त्या वेळी आग होते, पुढचे दोन दिवस उजेड टाळावा लागतो, पण खपली पडून खाली नवी त्वचा येते.

उजेडाची ही करामत म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने १९०० साली मांडली: अ‍ॅक्रिडीन रंगात ठेवलेले पॅरामिशियम हे एकपेशीय जीव अंधारात तगले, उजेडात मेले. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाच्या या उपचाराला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

शेतकऱ्याच्या हाती मात्र हीच क्रिया वेगळ्या वाटेने आली आहे. कांद्यात, भातात मारलं जाणारं ऑक्सिफ्लोरफेन हे तणनाशक तणात प्रोटोपॉर्फिरिन साचवतं. तण जाळायचं काम ऊन करतं.