राजा ब्रिटनचा, बेट ब्रिटनचं नव्हे

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं आइल ऑफ मॅन आपल्याकडच्या बाइकवेड्यांना टीटी शर्यतींमुळे माहीत असतं. 'ब्रिटनमध्येच आहे ना ते?' हा प्रश्नही ठरलेला.

हा समज साफ चुकीचा. सुमारे ५७२ चौरस किलोमीटरचं हे बेट युनायटेड किंगडममध्ये कधीच नव्हतं. १२६६ मध्ये नॉर्वेने ते स्कॉटलंडला दिलं. पुढे १७६५ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने अथॉलच्या ड्यूककडून त्यावरचे अधिकार ७०,००० पौंडांना चक्क विकत घेतले. त्यामुळे राजे चार्ल्स तिथे 'लॉर्ड ऑफ मॅन' आहेत. वेस्टमिन्स्टरमध्ये मात्र बेटाचा एकही खासदार नाही. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतातही बेटाला मत नव्हतं.

मग हा स्वतंत्र देश समजायचा? तेही नाही. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे, पासपोर्ट ब्रिटिश, शेवटचं अपील प्रिव्ही कौन्सिलकडे. मार्क कॅव्हेंडिश हा इथला नामवंत सायकलपटू. राष्ट्रकुल स्पर्धेत तो आइल ऑफ मॅनसाठी उतरला, पण ऑलिंपिकचं रौप्यपदक त्याने ग्रेट ब्रिटनच्या संघातून मिळवलं!

म्हणून इथलं स्वराज्य नावापुरतं आहे असं कुणी मानत असेल, तर त्याने बेटाची कायद्याची वही उघडावी. प्राप्तिकराचे दर, शाळा, दवाखाने यांचा निर्णय टिनवॉल्ड ही तिथली संसद घेते. नोटाही बेटाच्या स्वतःच्या. त्या इंग्लंडच्या दुकानदाराने घेतल्याच पाहिजेत असं नाही. मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना इथे १८८१ मध्येच मतदानाचा हक्क मिळाला, तेव्हा लंडन त्यापासून बरंच दूर होतं. २००६ पासून सोळा वर्षांची मुलंही मत देतात.

वेस्टमिन्स्टरला या बेटासाठी कायदा करता येतो, हे खरं. पण बेटाच्या संमतीशिवाय तसं करायचं नाही, असा संकेत आहे.

दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला सेंट जॉन्स गावात चार पायऱ्यांच्या हिरव्या टेकडीवर टिनवॉल्ड भरतं. वाटेवर लव्हाळी अंथरतात, नव्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत आणि मँक्स भाषेत वाचतात. गाऱ्हाणं असलेला कुणीही टेकडीच्या पायथ्याशी येऊन आपला अर्ज देऊ शकतो. आणि संमत झालेला कायदा अठरा महिन्यांत इथे जाहीर झाला नाही, तर तो रद्द होतो.